ठाण्याचे व्याख्यान, कल्याणचा न्हावी

ता. १० मार्च १८८९, रविवार

व्याख्यान पुरे झाले. म्हणजे लिहून पुरे झाले, म्हणायचे बाकी आहे. सकाळी संध्या उरकून माडीवर चढलो आणि भिंतीला सबंध ऐकवले. भिंत शांतपणे ऐकते. मामलेदार ऐकतील असा भरवसा नाही, आणि वाचनालयाच्या वार्षिक समारंभाचे अध्यक्ष तेच.

विषय: अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता व तिकडची गाजलेली भाषणे. कचेरीत दिवसभर इंग्रजी हुकमांचे मराठी करतो, ती हातोटी इथे कामाला आली. एका मुक्त झालेल्या गुलामाला त्यांच्या स्वातंत्र्याच्या सणाला बोलायला बोलावले, तर त्याने यजमानांनाच फैलावर घेतले, की हा सण तुमचा, यात मी कुठे? हा भाग मी मोठ्याने म्हणतो. आवाज चांगला लागतो.

धाकटी बहीण यमू जिन्यात बसून ऐकत होती. खाली उतरलो तर म्हणाली, "दादा, बाजाराच्या ठिकाणी फार घाई करतोस. माणसं विकत होते ना तिथे? मग जरा थांब की." थांबून पाहिले. बरे वाटते. मग म्हणाली, "त्यांच्या बायकांचं काय झालं? ते नाही का पुस्तकात?" म्हटले, असेल, पुढे बघू.

यमू दिवाळीनंतर कल्याणहून आली ती इथेच आहे. नवरा तापाने गेला, सासरच्यांनी पाठोपाठ पेटी पाठवून दिली. एकोणीस वर्षांची पोर. केस अजून आहेत. आई त्या विषयावर बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

ता. १७ मार्च, रविवार

व्याख्यान झाले. असे झाले की अजून कान गरम आहेत.

आत खुर्च्या भरलेल्या, आणि मराठीत म्हटल्यामुळे बाजारातली मंडळीही आली होती. ती पडवीत उभी. गुलामांच्या बाजारापाशी आलो तेव्हा थांबलो. सुई पडली तर ऐकू आली असती. मामलेदारांनी सुद्धा तपकिरीची डबी उघडली नाही.

एक वाक्य मूळ इंग्रजीत नव्हते. "बेडी ठोकणाऱ्याचा हातही मोकळा नसतो, त्याने हातोडा खाली ठेवला की दोघेही सुटतात." हे माझे. परवा जेवताना सुचले, टाळ्या घेईल म्हणून घातले, आणि टाळ्या त्यालाच पडल्या. आमच्या घरचा न्हावी सखाराम पडवीच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही. मला वाटले, याला काय समजणार.

घरी आल्यावर सौ.ने दृष्ट काढली. आई म्हणाली, घसा बसलाय, हळद-दूध घे.

ता. २० मार्च

आईच्या लाख वाती वळून झाल्या. वडील गेल्यापासून वळत होती. अक्षय तृतीयेला उद्यापन धरायचे.

उपाध्ये येऊन बसले. सामान सांगून झाले, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "अण्णा, एक अडचण आहे. घरात सकेशा विधवा वावरते. ब्राह्मण पानावर बसायचे नाहीत. तेवढं उरकून घ्या." उरकून घ्या म्हणे. कौले परतायची असावीत तसे बोलले.

आई म्हणाली, "मी बसले होते ना? मला काय हौस होती?"

आईचे झाले तेव्हा मी दहाचा असेन. काकांनी मला तळ्यावर फिरायला नेले होते. परत आलो तर लाल आलवण नेसलेली, बोडकी बाई दारात उभी. मी तिला ओळखले नाही, भोकाड पसरले. आईला हे आठवत असेल. विचारायची माझी छाती नाही.

मी काय बोललो? "बघू." सबंध व्याख्यानात हा शब्द एकदाही आला नाही. घरात मात्र दुसरा तोंडी येत नाही.

ता. ३१ मार्च, रविवार

उद्या पाडवा. यमूला अखेर सौ.ने सांगितले. मी सांगायला हवे होते. रोज उद्यावर ढकलत होतो.

दुपारी यमू मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, हे तुला पटतं?"

"नाही पटत."

"मग?"

"आईचं उद्यापन आहे, यमू."

"ते मला ठाऊक आहे. मी तुला विचारते आहे."

मग मी बोललो. लोकमत, काळाची गती, सुधारणा हळूहळूच पचतात, एकदम केले तर घर फुटते, वगैरे. चांगले बोललो, हीच तर लाज. ती जिन्यात बसून ऐकते तशीच ऐकत होती. शेवटी म्हणाली, "इथेही घाई करतोयस." आणि सूप उचलून आत गेली.

ता. ७ एप्रिल, रविवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

सखाराम नेहमीप्रमाणे माझ्या दाढीला आला. दर पंधरवड्याला माझे झाले की तो मागच्या अंगणात आईचे डोके करतो, बरीच वर्षे करतो आहे. मी साबण लावलेल्या तोंडानेच म्हटले, की आज आईचे झाल्यावर यमूचेही आहे. म्हणजे तोंडाला फेस असताना सांगून टाकले, त्याच्याकडे बघावे लागू नये म्हणून.

त्याने वस्तरा पुसला. पुन्हा पुसला.

"अण्णा, ते काम आता आमी सोडलं. बायांच्या डोक्याला हात लावायचा नाय."

"आमी म्हणजे कोण?"

"ठाण्यातली समदी न्हावी मंडळी. चेंदणीपासून महागिरीपर्यंत. देवळात बसून ठरवलं."

"का रे? मजुरी कमी पडते?" हे मी विचारले. दुसरे काही सुचले नाही मला.

"तुमीच सांगितलं ना त्या दिवशी," तो म्हणाला. "हातोडा खाली ठेवायचा. मी घरी जाऊन सांगितलं, मग जातीत सांगितलं. मला तुमच्यासारखं बोलता येत नाय, पण तेवढं ध्यानात राहिलं." मग आवाज खाली आला. "पोरींना हात धरून बसवतात, अण्णा. वस्तरा माझा असतो. त्या दिवशी मला जेवण जात नाय. बापाचंबी तसंच होतं. आमाला वाटायचं, आपलं कामच हाय ते."

"आणि आईचं?"

"माईंची माफी मागतो. पण एकदा ठरलं म्हणजे ठरलं."

माझी अर्धी दाढी राहिली होती. ती त्याने नेहमीपेक्षा सावकाश, नीट केली. आई दाराआड उभी असावी. बांगड्या नसलेल्या माणसाचा पत्ता लागत नाही.

ता. १० एप्रिल

खरे लिहायचे तर मला आनंद झाला आहे. जे मी म्हणायला हवे होते ते न्हाव्याने म्हटले, आणि मी सुटलो. आईला म्हटले, "न्हावीच मिळत नाही, मी काय करू?" चेहरा अगदी हताश केला. यमूने पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसली. कल्याणहून आल्यापासून पहिल्यांदा हसली.

कचेरीत दिवसभर शीळ घालत होतो. कारकून बघत होते.

ता. १६ एप्रिल

आईच्या डोक्यावर केस उगवले. पांढरे, मऊ, वातीच्या कापसासारखे. तिला खाज सुटते. परवा दुपारी कोणी नाही असे पाहून यमूला म्हणाली, "जरा तेल लाव गं." यमूने लावले. मी ओटीवरून पाहिले. आईचे डोळे मिटलेले. "बोटं थंड आहेत तुझी," एवढेच म्हणाली.

थोड्या वेळाने एकाएकी उठली, यमूचा हात झिडकारला, विहिरीवर जाऊन दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. तेव्हापासून सोवळ्यात जात नाही. केस असताना सोवळे कसले, म्हणते. म्हणजे स्वतःचा स्वयंपाक नाही, आणि दुसऱ्याच्या हातचे ती खात नाही. केळी आणि दूध, एवढ्यावर आहे.

माझा आनंद आठवडाभर सुद्धा टिकला नाही.

ता. २४ एप्रिल

आई अंगाने उतरली. जिना चढताना भिंत धरते. मी म्हटले, यमूचे सोड, तुझ्यापुरता न्हावी कुठूनतरी बघतो. म्हणाली, "माझं एकटीचं करून काय? उद्यापन होणार नाही ते नाहीच. दोघींचं होऊ दे, नाहीतर कोणाचंच नको." ती मला धाक घालते आहे असे मला वाटत नाही. ती खरेच तसे मानते. त्यामुळे भांडताही येत नाही.

उपाध्ये रस्त्यात भेटले. म्हणाले, "कल्याणास मिळेल की न्हावी. तिथवर तुमचं व्याख्यान पोचलेलं नाही." आणि हसले. मीही हसलो. का हसलो?

यमू माझ्याशी बोलत नाही असे नाही. वाढते, पाणी देते. विचारत मात्र काही नाही.

ता. २८ एप्रिल, रविवार

कल्याणला जाऊन न्हावी आणला.

पेठेत एका पिंपळाखाली म्हातारा बसला होता, गोविंदबाबा नाव. विचारले, येतोस का ठाण्याला, घरातल्या बायकांचे काम आहे. "ठाण्यात न्हावी नाहीत व्हय?" "आहेत, आजारी आहेत." सगळे एकदम कसे आजारी, ते त्याने विचारले नाही. त्याचे गुडघे दुखतात. वस्तऱ्यांची पिशवी घेऊन स्टेशनापर्यंत चालवेना. म्हणून त्याची धोकटी मी घेतली.

घेतली, आणि उपरण्याखाली दडवली. गाडीत मांडीवर धरून बसलो. मुंब्र्याचा बोगदा आला तेव्हा अंधारात आत वस्तरे एकमेकांवर वाजले. ठाण्याला उतरल्यावर बाजारातून जायचे टाळले. सखारामची बैठक तिथेच. म्हाताऱ्याला तळ्याला वळसा घालून मागून आणले. वाटेत शाळेचे हेडमास्तर. "अण्णा, काखेत काय?" "पुस्तके," मी म्हटले. ते म्हणाले, "वा, रविवारी सुद्धा."

ता. २९ एप्रिल

काल पुढचे लिहवले नाही.

म्हाताऱ्याला मागच्या अंगणात बसवले आणि मी निघून तळ्यावर गेलो. कोणी नेले नाही. आपल्या पायांनी गेलो.

सौ. सांगते, हात धरावे लागले नाहीत. यमू आपणहून येऊन पाटावर बसली. म्हाताऱ्याला एवढेच विचारले, "बाबा, वस्तऱ्याला धार आहे ना?" त्याने आहे म्हटले. मग मान खाली घातली. सौ.लाच रडू आले, तर यमूने तिला आत जायला सांगितले. नंतर आई बसली.

परत आलो तेव्हा यमू दारात होती. या खेपेला मी ओळखले. ओळखले म्हणूनच वर बघवेना. तिने पाय धुवायला पाणी दिले.

आईने सोवळ्यात स्वयंपाक केला. दोन घास खाल्ले आणि पान सारले.

मी पापी आहे. दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. आईला उपाशी ठेवले असते तर ते पाप, हे मान्य. पण दोन्हींतले हे मी निवडले, आणि निवडताना बाजारातून जायची लाज वाटली, म्हणजे मला कळत होते.

ता. ३ मे, अक्षय तृतीया

उद्यापन झाले. ब्राह्मण पोटभर जेवले. उपाध्ये पुरणाची तारीफ करत होते. पुरण यमूने वाटले होते. तुपात भिजवलेल्या वाती पेटवल्या तेव्हा सगळे देवाकडे बघत होते, आई यमूकडे बघत होती.

ता. ८ मे

कल्याणच्या वाचनालयाच्या मंडळींकडून माणूस आला. तेच व्याख्यान त्यांच्याकडे व्हावे, १९ तारखेस, दुपारी. माझी ख्याती तिथवर गेली म्हणे. तोंडातून नकार यायचा होता, आला होकार. लगेच पाठोपाठ मनात आले, त्यांच्याकडे पडवी आहे की नाही, बाजारापाशी थांबलो तर तिथवर ऐकू जाईल का. म्हणजे मी आवाजाचा विचार करत होतो. अशा माणसाचे काय करावे?

ता. १२ मे, रविवार

सखाराम दाढीला आला. मला वाटले होते येणार नाही. आला, पाणी मागितले, साबण फेसला.

एक गाल पुरा केला. मग हनुवटी उचलून धरली आणि म्हणाला, "कल्याणचा गोविंदबाबा माझ्या सासऱ्याचा भाऊ. परवा भेटला."

वस्तरा गळ्यापाशी होता.

"सांगत होता, ठाण्याचा एक बामण लई भला. माझे गुडघे दुखतात म्हणून माझी धोकटी स्वतः उचलली. असा माणूस बघितला नाय, म्हणाला."

मी म्हटले, "सखाराम..."

"हलू नका, अण्णा, लागेल."

दाढी झाली. फडके झटकले. "त्याला मी काय बोललो नाय. म्हातारा माणूस, त्याला वाईट वाटेल. पण कल्याणला तुमचं व्याख्यान हाय, असं आयकलं. मी त्याला घेऊन येतो. पडवीत बसू आमी दोघं. मी सांगून त्याला नाय पटायचं. तुमी सांगा."

त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. टोमणा शोधला. नव्हता. त्याला खरेच वाटते की मी ते चांगले सांगतो. टोमणा असता तर मी रागावलो असतो आणि बरे वाटले असते.

ता. १५ मे

कचेरीतून येताना वाटले, आजारी पडावे. ताप वगैरे. कपाळाला हात लावून पाहिला. थंड.

ता. १८ मे, शनिवार

सकाळी आई म्हणाली, "उद्या कल्याणला जातोच आहेस, तर येताना त्या म्हाताऱ्याला घेऊन ये. यमूचे वाढलेत, माझेही." अगदी सरळ. भाजी आण म्हणावे तसे. मी डोके खाजवले. खाजवायला मला केस आहेत.

हे एकदा करून संपत नाही, हे मला तेव्हा सुचलेच नव्हते. एप्रिलात मला वाटले होते, एक दिवस डोळे मिटून काढायचा. दर पंधरवड्याला मला पुन्हा गाडीत बसायचे आहे, पुन्हा धोकटी उपरण्याखाली, आणि पुन्हा तळे. आई म्हातारी होईल, यमू म्हातारी होईल, तोवर.

दुपारी माडीवर बसलो. हातोड्याचे वाक्य काढून टाकावे असे ठरवले. खोडले. ते खोडल्यावर पुढचे सगळेच ढिले पडते. पुन्हा लिहिले.

दिवेलागणीच्या आधी यमू जिन्यात येऊन बसली. आलवण डोक्यावरून घट्ट घेतलेले. "आज म्हणत नाहीस?"

"नको."

"म्हण की. मला पाठ आहे, चुकलास तर सांगेन."

म्हणायला लागलो. बाजारापाशी आलो आणि थांबलो, आणि पुढे जाता येईना. ती वाट पाहत होती. मग म्हणाली, "दादा, एक सांगू? व्याख्यान दे आणि एकटा परत ये. नाहीतर व्याख्यान देऊ नकोस, त्या बाबांना घेऊन ये. मी बसेन. मागे बसले तशी बसेन. पण दोन्ही एका दिवशी करू नकोस. ते मला बघवणार नाही."

"आईचं काय करू? पुन्हा उपाशी राहील."

"आईशी मी बोलेन. तिच्या डोक्याला तेल मी लावलंय, तू नाहीस."

"आणि तिने नाही ऐकलं तर?"

"तर नाही ऐकलं. मग तिला मी समजावेन, भांडेन, काय ते करेन. तुला व्याख्यान द्यायला येतं, मला भांडायला येतं." आलवण पुढे ओढले. "तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे. हो म्हण किंवा नाही म्हण. बघू म्हणू नकोस."

मी कागद सारखे करत राहिलो. ती उठून खाली गेली.

आता आईच्या खोलीतून तिचा आवाज येतो आहे. शब्द कळत नाहीत. आईचा आवाज मध्येच चढतो, मग यमूचा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आहे, कागद मांडीवर. खाली उतरून तिच्या बाजूला उभे राहावे, एवढेच काम आहे, आणि मी रोजनिशी लिहीत बसलो आहे.

सकाळची गाडी धरायची. जाताना एकच तिकीट काढायचे. येताना किती, ते मला अजून सांगता येत नाही.